बारा वर्षं न काढलेला मोजा

माझ्या डाव्या पायाला पाच बोटं आहेत, असं मी बारा वर्षं अख्ख्या केंदूर गावाला भासवलं. होती तीन. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मी फौजेत असताना बर्फाला देऊन आलो होतो. त्यांच्या जागी मोज्यात कापूस भरायचा, वर बूट चढवायचा आणि छाती काढून चालायचं. मान ताठ ठेवली की लोक लंगडण्यालाही ऐट म्हणतात.

आता त्या पायाला एकही बोट नाही आणि ते मी गावभर सांगत सुटलोय. लिहायला लावलं दौंडच्या सुभेदार आप्पांनी. म्हणाले, "तुझ्यासारखी गाढवं लई हायेत आपल्यात. तुझं वाचून एखादं तरी शाणं हुईल." तर वाचणारा फौजी असेल, त्यातून शुगरवाला असेल, तर त्यानं आधी बूट काढून आपला तळवा बघून यावा. मी थांबतो.

नहीं साहब

बोटं कशी गेली, म्हटलं की लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. माझ्याकडं गोळीबार नाही. मोजा ओला होता, एवढंच. उंचावरच्या चौकीत होतो. सकाळी गस्तीला निघताना बर्फ वितळवायच्या डब्याला माझा पाय लागला आणि पाणी बुटात गेलं. तुकडी तयार उभी. साहेबांनी रोजच्यासारखं विचारलं, "सब ठीक? कोई तकलीफ?"

"मोजा बदलतो, दोन मिनिटं द्या," एवढंच म्हणायचं होतं. कुणी नाही म्हटलं नसतं. पण माझ्या तोंडातून टाचा जुळवून जे निघालं ते, "नहीं साहब!"

परत आलो तेव्हा दोन बोटं काळी पडली होती. लष्करी दवाखान्यात ती काढली. बाकीचा पंजा राहिला, पण बधिर झाला.

पुढं आठ वर्षांनी हवालदार म्हणून निवृत्त होताना डॉक्टरांच्या बोर्डापुढं उभा राहिलो. हा बोर्ड तुमचं अपंगत्व किती टक्के ते ठरवतो. समोर तीन डॉक्टर. थंडीत दुखतं का? "नहीं साहब!" पळता येतं? "पाँच किलोमीटर साहब!" तोल जातो का? मी एका पायावर उड्या मारून दाखवल्या. उजव्या. त्यांनी तरी काय करावं? जखम नोकरीतलीच आहे असं त्यांनी लिहिलं आणि अपंगत्व लावलं पंधरा टक्के. वीसच्या आत असेल तर अपंगत्वाचं जादा पेन्शन मिळत नाही. परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पेढे वाटणारा त्या दिवशीचा मी एकटाच असेन.

मला अपंग ठरायचंच नव्हतं. सणसवाडीच्या एका कंपनीत गेटवर सिक्युरिटीची नोकरी ठरली होती, तिथं धडधाकट माणूस हवा होता. आणि आमची कोमल तेव्हा पाचवीत होती. उद्या हिच्या लग्नाच्या वेळी पाव्हणे 'लंगड्याची लेक' म्हणतील, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. म्हणून घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी बोर्डाचा तो कागद मी बंबात घातला. बायकोला, शालनला, म्हणालो, "झालं. आता इषय संपला."

 ती बंबाकडं बघत राहिली. मी अंघोळीला गेलो.

मोज्याचा कारभार

खोटं बोलायला एक दिवस लागतो, ते सांभाळायला रोज उठावं लागतं. मी उन्हाळ्यात मोजे घालायचो. देवळात मोजे घालून जायचो. पुजाऱ्यानं हटकलं तर म्हणायचो, "सुती हाय, देवाला चालतंय." कोमलच्या लग्नात कन्यादानाला बसलो तेव्हा भटजी म्हणाले, "मोजे काढा." मी ठोकून दिलं, "गुरुजी, फौजी कायदा हाय. ड्रेस चढिवला की सूर्य बुडूस्तवर उतरवायचा न्हाई." मी धोतरात होतो. भटजींनी माझ्याकडं बघितलं, मुहूर्ताकडं बघितलं आणि मंत्र चालू केले.

मोकळा सुटायचो तो फक्त शेतात. कांद्याला पाणी असलं की आसपास कुणी नाही हे बघून मोजे काढायचे आणि अनवाणी दारं धरायची, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी फिरवायचं. चिखलात पाय गेला की त्या बधिर पंजालासुद्धा काहीतरी कळल्यासारखं वाटायचं.

पान कुणीतरी थुंकलं असेल

दोन वर्षांपूर्वी दुपारी गेटवर उभा होतो. बिहारकडचा एक ट्रेलरवाला, माझ्याच वयाचा, पासावर सही घ्यायला आला. सही करताना त्याची नजर खाली.

"फौजी भाई, आपके जूते से खून आ रहा है।"

मी खाली न बघताच म्हणालो, "पान थूका होगा किसीने।"

"भाई, पान चलता नहीं है। ये आपके साथ चलके आया है।"

मागं बघितलं तर केबिनपासून गेटपर्यंत माझ्या एका पायाचे ठिपके. त्यानंच मला स्टुलावर बसवलं आणि बूट ओढून काढला. लाकडी पॅलेटचा खिळा तळातून आरपार वर आला होता. पॅलेटच्या ढिगाकडं मी गेलो होतो दोन दिवसांआधी. दोन दिवस तो खिळा पायात घेऊन मी ड्यूटी केली, घरी गेलो, जेवलो, झोपलो. रक्त कापसानं पिऊन टाकलं होतं. वास मलाही आला होता, पण त्याबद्दल मी कँटीनच्या गटाराला शिव्या देत होतो. आणि रात्री मोजा काढून पाय बघायची सवय नव्हतीच. स्वतःचा पाय मी स्वतःपासूनही लपवत होतो.

कोमल शिरूरला दिलेली. जावयांचं तिथं मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. ते गाडी घेऊन आले आणि मला थेट शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, पण आवाज असा की मी झोपल्या झोपल्या सावधान झालो. त्यांनी कात्रीनं मोजा कापला. कापूस निघाला. आणखी निघाला.

"काका, हा कापूस कशाला?"

"पॅकिंग."

"शुगर कधीपासून आहे?"

"मला न्हाई शुगर. मला फकस्त तहान लागती."

तहानेवर माझा इलाज चालू होता. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात गेलो की उसाचा रस, तीन-तीन ग्लास. रस प्यालो की तहान लागायची, तहान लागली की रस. बोटाला सुई टोचून मशिनवर आकडा बघितल्यावर बाईंनी मला पहिल्यांदा नीट निरखून बघितलं, हा माणूस बसून बोलतोय कसा म्हणून.

मग त्या गंभीर झाल्या. पायात सडका भाग बराच आत गेला होता. म्हणाल्या, "काका, वाचवायचा प्रयत्न करू. कुठपर्यंत वाचेल, ते आत गेल्यावर कळेल. वाईटात वाईट म्हणजे इथपर्यंत." आणि माझ्या गुडघ्याखाली त्यांनी बोट टेकवलं.

त्या जागी मला अजून ते बोट जाणवतं. चौकीवर भीती वाटायची ती सगळ्यांची मिळून असायची. ही एकट्याची होती. मला विनोद सुचेना. मी शालनकडं बघितलं. ती संमतीचा कागद वाचत होती. सगळा, पाठीमागचंसुद्धा. वाचून झाल्यावर म्हणाली, "बाई, ह्येची एक परत मला द्या. आन् सही कुठं करू?"

खाट नंबर चार

सकाळी सहाला फिनेलचा वास. सातला सुई. आठला वॉर्डातल्या मावशी झाडू घेऊन यायच्या आणि माझ्या चादरीकडं बघून म्हणायच्या, "काय हवालदार, पाय हाय का जागेवर?" दहाला ड्रेसिंग. ते करणारा ब्रदर भला माणूस. पट्टी सोडायच्या आधी सांगायचा, "काका, आता दुखणार आहे. ओरडायचं असलं तर ओरडा, मी कुणाला सांगत नाही." इतक्या वर्षांत दुखेल तेव्हा ओरडायची परवानगी मला पहिल्यांदा मिळाली. मी ओरडलो. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे बाबा उठून बसले. पण फार बरं वाटलं.

बाकी वेळ मी गुडघ्यापासून टाचेपर्यंत वितीनं पाय मोजत बसायचो. दोन विती भरायचा. डॉक्टर राउंडला आल्या की हात चादरीखाली.

पहिल्या ऑपरेशननंतर पुन्हा जखम काळी पडली. दुसऱ्यात उरलेली तीन बोटं आणि अर्धा पंजा गेला. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "टाच राहिली. टाचेवर माणूस उभा राहतो, काका." हे वाक्य मी देवघरात ठेवावं तसं मनात ठेवलंय.

घरचं मात्र बिनसत चाललं होतं. एका दुपारी शालन डबा उघडत होती आणि माझी नजर तिच्या गळ्याकडं गेली. मोहनमाळ नव्हती. तिच्या आईनं लग्नात दौंडहून घालून पाठवलेली, अंगावरून कधी न उतरलेली.

"कुठं गेली?"

"हाय. सुरक्षित हाय." म्हणजे पतसंस्थेत गहाण.

लाज वाटली की मी चिडतो. त्या दिवशी चिडायला मला तिची पिशवी सापडली. साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, तिच्यात औषधाचं प्रत्येक बिल, प्रत्येक रिपोर्ट, अगदी इंजेक्शनच्या रिकाम्या खोक्यावरची चिठ्ठीसुद्धा. दिवसभर तिची कागदांची कुजबूज चाललेली.

मी ओरडलो, "रद्दीचं दुकान टाकायचंय का तुला?"

"टाकीन. पैलं तुमाला इकीन, किलोवर." आणि बिलांवर तारखा घालत बसली. तिचे वडील दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे रूळ बदलणारे. तिचं ठरलेलं वाक्य आहे, "माझ्या बापानं गाडी कागदावर सोडली, तोंडावर न्हाई."

मला आठवलं, पहिल्या दिवशी ती दोनदा व्हरांड्यात जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलून आली होती. तेव्हा वाटलं होतं, माहेरी रडत असेल.

आप्पा येतात

सहाव्या दिवशी सकाळच्या एसटीनं सुभेदार आप्पा दौंडहून आले. शालनच्या आईच्या नात्यातले. तोफखान्यात होते, त्यामुळं दोन्ही कान गेलेले आणि आवाज शाबूत. ते हळू बोलले तरी रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघतो. दौंड तालुक्यातल्या माजी सैनिकांचे अडलेले कागद सोडवणं हा त्यांचा निवृत्तीनंतरचा धंदा, बिनपैशाचा.

खाटेपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "दवाखान्याचं कार्ड कुठंय?" माजी सैनिकांना ज्या कार्डावर उपचार मिळतात ते कार्ड.

"काढलं न्हाई, आप्पा. मला काय धाड भरली व्हती?"

"निवृत्त हुताना वर्गणी कापली व्हती का न्हाई तुझी?"

"आसंल."

"आसंल न्हाई, कापलीच व्हती. म्हंजी आहेर दिऊन पंगतीतनं उपाशी उठलास व्हय रं?"

सगळा वॉर्ड हसला. म्हातारे बाबासुद्धा. मी म्हणालो, "आता काय उपेग? पैसं तर घरचं गेलं."

तेव्हा कळलं की पहिल्या दिवशीचा शालनचा फोन माहेरी नव्हता, आप्पांना होता. जवळच्या दवाखान्यात तातडीनं दाखल व्हावं लागलं, तर ते माजी सैनिकांच्या दवाखान्याला लगेच कळवायचं असतं. मग बिलं नंतर मागता येतात. आप्पांनी त्याच दिवशी कळवून पोच घेऊन ठेवली होती. मला सांगितलं नाही, कारण मी "कशाला? ठीक हाय मी," म्हणालो असतो. म्हणालोच असतो.

"आन् पाय?" आप्पा गरजले. "दुखणं वाढलं तर पुन्यांदा बोर्ड मागता येतो. जुना कागद आण."

मी चादर तोंडापर्यंत ओढली. "जाळला."

"काय?"

बहिऱ्या माणसापुढं कबुली द्यायची म्हणजे ती ओरडून द्यावी लागते. "जाळला, आप्पा! बंबात!"

 आप्पा म्हणाले, "रेकॉर्ड हापिसात त्येची परत आसती, मागवू. पर येळ जाईल." तेवढ्यात शालननं पिवळ्या पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकची एक घडी काढली. आत बोर्डाचा कागद. एक कोपरा जळून तपकिरी झालेला. सही, शिक्का, 'नोकरीमुळे झालेली इजा' हे सगळं शाबूत. मी अंघोळीला गेल्यावर तिनं चिमट्यानं बंबातून ओढून काढला होता. बारा वर्षं तो गव्हाच्या कोठीत होता.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"पुन्ना जाळला आसता."

लॅमिनेशन

एवढ्यावर माझी अक्कल ठिकाणावर यायला हवी होती. नाही आली. घरी आल्यावर शालन फॉर्म भरायला दोन दिवस दौंडला आप्पांकडं गेली. पिवळी पिशवी घरीच होती, क्रमानं लावलेली. मी खाटेवर पडून विचार केला, हिनं एवढं केलं, आपणही काही करावं. फौजी माणसाला लॅमिनेशनचा फार सोस. माझ्या घरी रेशनकार्ड, पोरीची दहावीची मार्कशीट, विजेच्या मीटरची पावती, सगळं लॅमिनेटेड. मनाशी ठरवलं, बिलं सुरक्षित करू. शेजारच्या रिक्षात बसून शिक्रापूरला गेलो आणि दुकानात औषधांची बिलं दिली.

मशीन गरम. बिलं आत गेली पांढरी, बाहेर आली काळी.

दुकानदार म्हणाला, "काका, ह्या कागदाला ऊब लागली की तो काळा पडतो." हे त्यानं सतरावं बिल काढल्यावर सांगितलं. मी म्हणालो, "सब ठीक है," आणि सतरा कोळसे पिशवीत घालून घरी आलो.

शालन आली. तिनं एक काळं बिल उजेडात धरलं. "ह्ये काय?"

"मजबूत केलं."

ती उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. दवाखान्यातल्या सगळ्या दिवसांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, गेली मोहनमाळ. "बाजारातनं दुसरी घिऊ गं," असलं काहीतरी पुटपुटलो.

ती म्हणाली, "झेराक्स हाय माझ्याकडं. बिलासाटी न्हाई रडत मी. तुमी मला एकदा इचारलं आसतं तर? एकदा. बर्फात इचारलं न्हाई, बंबाला इचारलं न्हाई, आता बी न्हाई. मी कोण हाय तुमची?"

  उंबऱ्याशी वाकून तिचे पाय धरता येत नव्हते म्हणून मी बसल्या जागी हात जोडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, नाटकी," आणि चहा ठेवायला उठली.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या मेडिकलवाल्यानं तिच्या झेरॉक्स बघून दुसऱ्या प्रती काढून दिल्या, शिक्का मारून. पैसे घेतले नाहीत. वर काळं झालेलं एक बिल मागून घेतलं. ते त्यानं काउंटरच्या काचेखाली ठेवलंय आणि गिऱ्हाइकांना दाखवतो. चालेल. माझ्यामुळं कुणी शहाणं होत असेल तर मी काचेखाली झोपायलाही तयार आहे.

पुन्हा तीन डॉक्टर

पुन्हा तपासणीचं पत्र यायला काही महिने गेले. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात गेलो. आप्पांनी एसटीत मला पाठ करून घेतलं होतं. सगळी बस ऐकत होती. "काय दुखतंय त्ये सांगायचं. जास्त न्हाई, कमी बी न्हाई. फक्त खरं. म्हन." मी म्हणायचो, "खरं." कंडक्टरसुद्धा म्हणाला, "खरं सांगा, काका."

शालन बाहेर बाकावर बसली. मी कुबडीवर आत गेलो. टेबलामागं तीन डॉक्टर, मधल्या मॅडम मेजर. त्यांनी वर बघून विचारलं, "हाँ हवालदार साहब। कोई तकलीफ?"

आणि माझ्या टाचा, म्हणजे टाच आणि कुबडी, जुळल्या. "नहीं साहब! एकदम फिट!"

हे मी म्हणालो. अर्धा पाय नसलेला माणूस, बायकोचं सोनं गहाण टाकून, एवढे महिने वाट बघून, हे म्हणाला. दाराच्या फटीतून मला शालनच्या साडीचा काठ दिसत होता. तो हललाही नाही.

 मॅडम फाइल चाळत होत्या. जुन्या कागदापाशी थांबल्या, जळक्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "ये कैसे जला?"

इथं "नहीं साहब" बसत नव्हतं. प्रश्नच तसा नव्हता.

"मैंने जलाया, साहब।"

"क्यों?"

मग मी सांगितलं. ओल्या मोज्यापासून. उड्या उजव्या पायावर मारल्या होत्या तेही. थंडीत पंजा कसा ठणकायचा, बांधावरून उतरताना तोल कसा जायचा, खिळा दोन दिवस कसा कळला नाही, आणि आता भाकरी घ्यायला उठायचं तरी बायकोला हाक मारावी लागते. हिंदी कधी संपली आणि मराठी कधी सुरू झाली मला कळलं नाही. मॅडमनी थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मोज़ा उतारिए।"

मी वाकलो आणि चारचौघांत स्वतःच्या हातानं मोजा काढला. कापूस नव्हता. पाय होता तेवढाच होता.

बाहेर आलो तर शालननं विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं."

"पैल्यांदा काय म्हनालात त्ये ऐकलं मी," ती म्हणाली. "चप्पल काढून आत येनार व्हते."

गावाचा मोजा

निकालाचं पत्र आलं. अपंगत्व वीसच्या बरंच वर लागलं आणि जादा पेन्शन सुरू झालं. दवाखान्याच्या खर्चाला थोडी कात्री लागली, पण बराचसा परत आला. ग्रामपंचायतीतली घरपट्टीची सवलतसुद्धा मी इतकी वर्षं मागितली नव्हती. आप्पांनी तीही करून घेतली, वर माझ्याकडून मिसळ खाल्ली. लष्कराच्या केंद्रात मापाचा बूट मिळाला. त्याच्या पुढच्या भागात आता भरणं आहे, पण ते सरकारी आहे, कापूस नाही. पैसे आले त्याच दिवशी मी पहिल्यांदा शालनला विचारलं, "ह्येचं काय करायचं?" ती पतसंस्थेची पावती घेऊन उभी राहिली.

मोहनमाळ सोडवून आणली त्या संध्याकाळी देवळात गेलो. पायरीवर बसून बूट काढला, मोजा काढला. शेजारच्या वावराचे बबनआबा तिथंच बसले होते. मी घसा साफ केला. "आबा, एक सांगायचंय. आधीसुदिक ह्या पायाला पाच बोटं नव्हती."

आबा म्हणाले, "व्हय. तीन व्हती."

"तुमाला कवा कळलं?"

"आवो, तुमी दारं धरून गेला की वरंब्यावर तीन बोटांचा पाय उमटायचा. कोल्ह्याचा न्हाई, कुत्र्याचा न्हाई. मग आसंल कुनाचा?" त्यांनी तंबाखू मळली. "सगळ्या गावाला ठाव व्हतं. कोमलच्या सासऱ्यानं बी इचारलं व्हतं मला, लगीन ठरायच्या आदी. म्या सांगितलं, पाय फौजेत गेलाय, मानूस चांगला हाय. त्ये म्हनले, मग आपुन बी न्हाई बोलायचं."

बारा वर्षं मला वाटत होतं की मी गावापासून पाय लपवतोय. गाव माझ्यापासून लपवत होतं की त्याला माहीत आहे. भटजींनी मंत्र का चालू केले, ते मला त्या पायरीवर कळलं. मी डोकं टेकलं, देवापुढं की आबांपुढं ते सांगता येणार नाही. दोघं एकाच दिशेला होते.

हजेरी

शुगरवाल्यानं अनवाणी चालायचं नसतं, म्हणून चिखल आता बंद. दारं धरायला गडी येतो. मी बांधावर खुर्ची टाकून त्याला चुका सांगतो. पण रोज सकाळी चहाच्या आधी अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी पाय शालनच्या मांडीवर ठेवतो. ती चष्मा लावून तळवा बघते, कुठं चिरलंय का, लाल झालंय का. बघून झालं की मेजर मॅडमचा आवाज काढून विचारते, "कोई तकलीफ?"

परवा म्हणालो, "है साहब."

"काय हुतंय?"

"करंगळी खाजती."

"कंची?"

"नसलेली."

मला वाटलं, हसेल. तिनं नीट विचार केला. मग उरलेल्या पंजाच्या पुढं, जिथं करंगळी असती तिथं, हवेत बोट नेऊन हळूच खाजवलं. "हितं?"

"जरा डावीकडं."

तिनं डावीकडं खाजवलं. आणि खरं सांगतो, जास्त नाही, कमीही नाही, बरं वाटलं.